पोलादी साचा, रबरी साचा

परवा माझ्या कपाटातल्या रणगाड्यांच्या किट्सची एकदाची मोजदाद केली. एकूण ४३ डबे. त्यातले २६ जर्मन, आणि त्यातही एकट्या 'टायगर'चे ७!

आता खरा हिशोब बघा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने टायगर-१ बनवले साडेतेराशेच्या आसपास. अमेरिकेने शर्मन बनवले जवळजवळ ५० हजार. रशियाचे टी-३४ त्याहूनही जास्त. म्हणजे माझं कपाट बघून कोणी महायुद्धाचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला वाटेल सगळीकडे टायगरच टायगर होते. कपाट चक्क खोटं बोलतंय.

ह्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. प्लास्टिकचं किट बनवायचं तर आधी पोलादाचा साचा कोरावा लागतो. तो भयंकर महाग. हजारो डबे खपले तरच खर्च निघतो. मग कंपनी कुठला रणगाडा निवडणार? ज्याचं चित्र डब्यावर बघून पोरगं दुकानात हट्ट धरेल तोच. जपानच्या टामियाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रणगाड्याचं प्लास्टिक किट काढलं, ते जर्मन 'पँथर'चं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून जो आकार ठरला, तो निघाला १:३५. आज जगभर ते प्रमाण रूढ आहे, त्याचं मूळ हे!

माझा संग्रह मात्र त्याहून लहान, १:७२ आणि १:७६ चा. १:७२ हे प्रमाण विमानांच्या मॉडेल्समधून आलं, सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. १:७६ आलं खेळण्यातल्या रेल्वेकडून, एका फुटाला ४ मिलिमीटर. एक विमानवाल्यांचा जावई, दुसरा रेल्वेवाल्यांचा. दोघांची मॉडेल्स शेजारी ठेवली की नजरेला खटकतं, पण घरात जागा कमी असली की माणूस जुळवून घेतो :-)

ताई नेहमी विचारते, "अरे, डब्याचे पैसे दिलेस ना? मग हे सुटे भाग आणि वेगळे कशाला?"

तर ताई, ऐक. १:७२ मध्ये प्लास्टिकचा अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे ३६ मिलिमीटर. पण चाकांवरचा मडगार्डचा पत्रा खरा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. एवढं पातळ प्लास्टिक साच्यात ओतताच येत नाही. म्हणून पितळेचा पातळ पत्रा घेतात, त्यावर प्रकाशाला संवेदनशील लेप देऊन नकाशा छापतात आणि नको तो भाग रसायनाने खाऊन टाकतात. जिथे घडी घालायची तिथे अर्धाच पत्रा खाऊ देतात, म्हणजे चिमट्याने अचूक वाकतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी बनवतात, साधारण तसंच.

दुसरा प्रकार रेझिनचा. कोणीतरी हाताने एक मूळ तुकडा घडवतो, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घेतो आणि साच्यात रेझिन ओततो. रबराचा साचा काही डझन तुकड्यांतच फाटायला लागतो. पण तो स्वस्त असतो, आणि सगळी गंमत इथेच आहे. पोलादी साच्याला हजारो गिऱ्हाईकं लागतात, रबरी साच्याला पन्नास वेडे पुरतात. हल्ली थ्री-डी प्रिंटर आल्यापासून तर पाचही पुरतात.

म्हणजेच जे लोकप्रिय आहे ते पोलाद लक्षात ठेवतं. बाकीच्यांची आठवण ठेवायची तर रबर आणि पितळ.

आणि आपल्याकडच्या लढाया बहुतेक 'बाकीच्यां'त मोडतात. १३ एप्रिल १९४४ ला इंफाळजवळच्या नुनशिगुम टेकडीवर थर्ड कॅराबिनियर्सचे 'ली' रणगाडे चढले, बरोबर डोग्रा रेजिमेंटचे जवान. इतक्या उभ्या चढावर रणगाडा येईल असं जपान्यांना वाटलंच नव्हतं. पण चढावर आतून पुढचं काही दिसेना, म्हणून कमांडर झाकणातून डोकं बाहेर काढून वाट दाखवत राहिले आणि एकामागून एक कामी आले. शेवटी धुरा सार्जंट-मेजरने सांभाळली. 'ली'चं किट मिळतं, पण नुनशिगुमचा 'ली' हवा असेल तर झाकण उघडं हवं आणि त्यातून डोकावणारा इंचभराचा माणूस हवा. तो एवढासा माणूस नसेल, तर ती लढाईच मॉडेलमध्ये नाही.

तसंच झोजिला. १ नोव्हेंबर १९४८ ला साडेअकरा हजार फुटांवर सेव्हन्थ कॅव्हलरीचे हलके 'स्टुअर्ट' रणगाडे पोचले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून वाटेत त्यांचे टरेट, म्हणजे वरचे तोफेचे बुरूज, उतरवून वेगळे नेले होते. मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या पायवाटेचा रस्ता केला, तेव्हा ते वर चढू शकले. टायगरच्या टरेटवरच्या ओरखड्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. बिनटरेटचा, ताडपत्रीखाली झाकलेला स्टुअर्ट किती जणांनी केलाय?

आता नवा टायगर घ्यायचा नाही असं ठरवलंय. त्या पैशात एक स्टुअर्ट, पितळेचे मडगार्ड आणि ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर. टरेट मागून येणाऱ्या ट्रकमध्ये ठेवीन. बघणारा विचारणारच, "हा अर्धवट का सोडलास?" मग त्याला झोजिला सांगता येईल.