बॉक्सिंगची क्रेझ खरंच ओसरली का? जाणून घ्या कारणं

मोहम्मद अली, माईक टायसन, मेरी कोम ही नावं गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहिती असतात. पण सध्याचा हेवीवेट चॅम्पियन कोण, असं विचारलं की भलेभले गप्प बसतात. मग हा खेळ संपत चाललाय का?

फुकट दिसायचं बंद झालं
१९७८ साली अली आणि लिऑन स्पिंक्स यांची दुसरी लढत अमेरिकेत एबीसी या मोफत चॅनेलवर दाखवली गेली. नंतर मोठ्या लढतींना वेगळे पैसे मोजावे लागू लागले. २ मे २०१५ रोजी झालेली मेवेदर-पॅकियाओ लढत घरी बघायला अमेरिकेत जवळपास १०० डॉलर लागले. कमाई विक्रमी झाली, पण साध्या माणसाच्या घरातून खेळ गेला. नव्या पोरांना बॉक्सर ओळखूच येईनात. १९७३ पासून बॉक्सिंग दाखवणाऱ्या एचबीओने २०१८ मध्ये, तर शोटाईमने २०२३ मध्ये ते बंद केलं.

चॅम्पियन झाले उदंड
२०२५ मध्ये अहिल्यानगर आणि कर्जत अशा दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा खरा केसरी कोणता, असा प्रश्न पडला होता. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे रोजचंच आहे. वजनगट १७ आणि पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटना चार. म्हणजे एकाच गटात चार-चार चॅम्पियन! १९९९ नंतर हेवीवेटचा निर्विवाद चॅम्पियन मिळायला मे २०२४ उजाडला. तो मान युक्रेनच्या उसिकने मिळवला. याउलट १९९३ ला सुरू झालेल्या यूएफसीत एकच कंपनी लढती ठरवते, त्यामुळे तगडे गडी लवकर भिडतात.

प्रेक्षक मात्र आहेत
सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानात जोशुआ-दुबुआ लढतीला ९६ हजार लोक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५८ वर्षांचा टायसन यूट्यूबर जेक पॉलशी लढला. ती लढत १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिली, असं नेटफ्लिक्सचं म्हणणं आहे. जादा पैसे न मोजता मोबाईलवर दिसलं, की लोक बघतात.

ऑलिम्पिकचं काय?
खरा धोका इथं होता. जागतिक संघटनेच्या कारभारावरून ऑलिम्पिक समितीने जून २०२३ मध्ये तिची मान्यता काढली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधून बॉक्सिंग बाहेर पडायची वेळ आली होती. शेवटी 'वर्ल्ड बॉक्सिंग' या नव्या संघटनेला मान्यता मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये खेळ परत आला.

आपल्यासाठी हे महत्त्वाचं. विजेंदर सिंग (२००८), मेरी कोम (२०१२) आणि लवलीना बोरगोहेन (टोकियो) यांनी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकं आणली, तीही साध्या घरांतून येऊन. लष्कर, पोलीस किंवा रेल्वेतल्या नोकरीच्या आशेने हातमोजे घालणाऱ्या पोरापोरींसाठी ऑलिम्पिकचं दार उघडं राहणं हे चॅनेलवर लढत दिसण्यापेक्षा मोठं आहे.

थोडक्यात, खेळ संपलेला नाही. तो लोकांच्या नजरेआड गेला होता.