घेवड्याचा रोग आणि तंबाखूची साक्ष

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुले शिकवितो. प्रयोगशाळेचा उंबरा काही मी ओलांडलेला नाही. पण शास्त्रीय शोधांच्या हकिगती मी चोरीच्या तपासासारख्या वाचतो. चोर कोण, यापेक्षा तो आत शिरला कसा, यातच मला अधिक रस.

वनस्पतींना जिवाणूंमुळे रोग होतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या काही पंडितांना पटतच नव्हते. अमेरिकेत टॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमारास नाशपतीची झाडे जळाल्यासारखी काळी पाडणाऱ्या रोगाचा आळ एका जिवाणूवर घातला. पुढे अर्विन स्मिथ यांचा याच मुद्द्यावर जर्मनीच्या आल्फ्रेड फिशर यांच्याशी कडाक्याचा कागदी सामना झाला. स्मिथ जिंकले. चोर ठरला, पण त्याची हत्यारे कोणती?

उत्तराची किल्ली सापडली भलत्याच ठिकाणी, मक्याच्या कणसात! न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक या विदुषी दाण्यांवरचे ठिपके वर्षानुवर्षे न्याहाळीत होत्या. आनुवंशिक द्रव्याचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात आणि बसतात तेथील काम बंद पाडतात, असे त्यांनी १९५१ साली विद्वानांच्या सभेत मांडले. सभा थंडच राहिली. नोबेल पारितोषिक आले ते १९८३ साली. तेव्हा बाई ८१ वर्षांच्या होत्या. असो.

असेच भटके तुकडे जिवाणूंतही सापडले आणि १९७४ साली त्यांना ‘ट्रान्स्पोझॉन’ हे नाव मिळाले. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी एखाद्या शब्दाच्या मधोमध भलतेच खिळे घुसले, तर तो शब्द वाचेनासा होई. हा तुकडाही जनुकात घुसून तेच करतो. त्यांपैकी ‘टीएन-५’ हा संशोधकांचा विशेष लाडका. कारण त्याच्या पोटात कानामायसिन या औषधाला दाद न देण्याचा गुण असतो. ज्या वाहनावर बसवून तो परक्या जिवाणूत पाठवितात, ते वाहन तेथे टिकत नाही. मग कानामायसिन घातलेल्या ताटलीत जो जगला, त्याच्या आनुवंशिक द्रव्यात तुकडा कोठेतरी रुतून बसला आहे, हे नक्की. कोठे बसेल ते दैवाधीन! म्हणून असे हजारो जिवाणू वेगवेगळे वाढवायचे, एकेक रोपाला टोचायचा आणि रोग कोणाला जमेनासा झाला ते पाहायचे. काम किती कंटाळवाणे! पण तुकडा जेथे सापडेल तेथेच हत्यार, ही खूण पक्की.

लिंडग्रेन, पीट आणि पॅनोपोलस या तिघांनी १९८६ साली घेवड्याच्या रोगावर हा प्रयोग प्रसिद्ध केला. या रोगात पानावर डाग पडून त्याभोवती पिवळट खळे उमटते. तोच जिवाणू तंबाखूच्या पानात भरला, तर मात्र रोग होत नाही. तेथल्या पेशी काही तासांत आपण होऊन मरतात आणि शत्रूला जागीच कोंडतात. गावात आग लागली की मधली झोपडी पाडतात, तसेच हे. ही परीक्षा हंगेरीच्या क्लेमेंट यांनी १९६३ साली रूढ केली होती.

आता मौज पाहा. तुकडा रुतलेल्या काही जिवाणूंनी घेवड्याला रोग केला नाही, हे अपेक्षितच होते. पण तंबाखूही स्वस्थ राहिली! चोरी आणि आरडाओरडा या दोन्ही गोष्टी एकाच जनुकसमूहावर अवलंबून निघाल्या. असे का?

उलगडा पुढच्या दशकात झाला. ती जनुके मिळून एक सुई घडवितात. जिवाणू तिच्यातून आपली प्रथिने पेशीत सोडतो. घेवड्यात ती पहारेकऱ्याला गुंगी आणतात. तंबाखूचा पहारेकरी मात्र ती ओळखून ओरडतो. सुईच मोडली की कोणाला काही कळतच नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले, ते पुढच्या एका वाक्यामुळे. अशाच घडणीची सुई प्लेगच्या जिवाणूपाशीही असते. १८९७ साली पुण्यात ज्याने घरेच्या घरे ओस पाडली, सावित्रीबाई फुल्यांना रुग्णसेवा करता करता गाठले, तोच हा प्लेग. घेवड्याचे पान आणि माणसाचा देह, दोहोंवर एकाच जातीचे हत्यार!

आमच्याकडे सोलापूर, सांगोल्याच्या बाजूला डाळिंबावर ‘तेल्या’ पडतो. त्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला आणि त्या कुळातही ही सुई आहेच. फळावर तेलकट डाग येतो, मग ते तडकते आणि बागाईतदार रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळीत बसतो.