कातकरी मुलांचे शालेय शिक्षण, मुळशी तालुका

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतील कातकरी मुले इतर समाजांच्या मुलांच्या बरीच मागे राहतात. कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे कातकरी ही केंद्र सरकारने आदिम म्हणून नोंदवलेली जमात आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के, तर अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के होती. मात्र या दुसऱ्या आकड्यात जमिनी कसणारे महादेव कोळी आणि बहुतांशी भूमिहीन कातकरी एकत्रच मोजले जातात. त्यामुळे प्रवर्गाच्या पोटातली दरी आकड्यांत उमटत नाही.

पिछाडीचे मुख्य कारण स्थलांतर हे आहे. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे बुडते. मूल पटावर असते, हजेरीत नसते. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर आठवीपर्यंत नापास करणे थांबले, तेव्हा इयत्ता वाढत गेली आणि वाचन मागेच राहिले. पाचवी व आठवीपुरती ही सवलत राज्याने २०२३ मध्ये काढली. घरची कातकरी बोली आणि पुस्तकातली प्रमाण मराठी यांतले अंतर पहिलीतच जाणवते. वाडी गावठाणापासून लांब असेल तर लहान मुलांची पायपीटही होते.

उपायांपैकी हंगामी वसतिगृह मुळाशी जाते, कारण आईबाप भट्टीवर गेले तरी मूल गावच्या शाळेत टिकते. गावच्या शाळेने दिलेल्या शिक्षण हमी पत्रकावर मुलाला कामाच्या ठिकाणच्या शाळेत बसता येते, पण तिथल्या शिक्षकाने त्याला वर्गात सामावून घेतले तरच. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने थेट वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचा पर्यायही आहे. परंतु विभागाचे प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यातील घोडेगावला, म्हणजे मुळशीकरांना बरेच आडबाजूला पडते.

शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच, त्यांना तो जमवणे सर्वांत अवघड. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात आदिम जमातींसाठी घरे, रस्ते व वसतिगृहे यांबरोबर दाखले देण्यासाठी शिबिरेही घेण्यात आली.