गोचीडजन्य ताप : औषधांचे दुष्परिणाम आणि घ्यावयाची काळजी

गोचीड चावल्यामुळे होणाऱ्या ‘इंडियन टिक टायफस’ या आजारावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक प्रमुख औषध मानले जाते. रिकेट्सिया कोनोरी या जीवाणूमुळे होणारा हा आजार महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू, हिमाचल प्रदेश आदी राज्यांत आढळला आहे. तीव्र ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचारास विलंब झाल्यास मूत्रपिंडे, फुप्फुसे व मेंदूवर परिणाम होऊन आजार जीवघेणा ठरू शकतो. असे असूनही मळमळ किंवा पोटदुखी सुरू होताच काही रुग्ण औषध परस्पर बंद करतात. वास्तविक यातील बहुतांश त्रास योग्य काळजी घेतल्यास आटोक्यात ठेवता येतो.

उपचारांचा कालावधी : प्रौढांना सामान्यतः १०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोन वेळा दिली जाते. ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. तथापि त्यानंतरही किमान ३ दिवस औषध सुरू ठेवावे लागते. नेमका कालावधी डॉक्टरच ठरवतात.

मळमळ व छातीत जळजळ : रिकाम्या पोटी घेतल्यास हे औषध पोटाला बाधते, म्हणून ते जेवणानंतर घ्यावे. गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण होऊ शकतो. यासाठी गोळी बसून किंवा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाल्यास पुढील मात्रेबाबत डॉक्टरांना विचारावे.

अन्य पदार्थांशी संयोग : लोह, कॅल्शियम व आम्लपित्तावरील औषधांमुळे डॉक्सिसायक्लिनचे शोषण घटते. ही औषधे आणि डॉक्सिसायक्लिन यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. गोळी दुधाबरोबर न घेणे इष्ट.

उन्हाचा त्रास : या काळात त्वचा लवकर भाजते. शेतात किंवा उघड्यावर काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे व छत्री वापरावी, दुपारचे ऊन टाळावे.

मुले व गर्भवती : दात डागाळण्याच्या भीतीने लहान मुलांना हे औषध देणे पूर्वी टाळले जात असे. अल्प मुदतीच्या उपचारांत असे डाग पडत नसल्याचे अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यामुळे या गटातील तापांत बालकांनाही ते दिले जाते. गर्भवतींना डॉक्टर अनेकदा ॲझिथ्रोमायसिनचा पर्याय सुचवतात.

तातडीची लक्षणे : तीव्र डोकेदुखीसह अंधुक दिसणे, रक्तमिश्रित किंवा न थांबणारे जुलाब, गिळताना असह्य वेदना, चेहऱ्यावर सूज अथवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

गोचिडांमार्फत पसरणारा क्यासनूर वनज्वर मात्र विषाणूजन्य आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या व पुढे सिंधुदुर्ग आणि गोव्यातही पोहोचलेल्या या आजारावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. म्हणूनच गोचीड चावल्यानंतर ताप आल्यास स्वतःहून औषध घेऊ नये आणि सुरू झालेले औषध स्वतःहून थांबवूही नये.