घाटापलीकडची विद्या : जैन विद्यार्थी, बोर्डिंग आणि शिष्यवृत्ती

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही दानाची चार रूपे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पहिल्या दोहोंत आपला समाज कधी मागे राहिला नाही. तिसऱ्याचा इतिहास मात्र नव्या पिढीस फारसा ठाऊक नाही. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तो थोडक्यात यावा, म्हणून हा प्रपंच. लेखक कापडाचा व्यापारी आहे, इतिहासकार नव्हे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पिशोरहून कन्नड आणि तेथून घाट उतरला की चाळीसगाव. आज हा एकाच राज्यातला रस्ता आहे. १९४८ पर्यंत मात्र घाटावर निजामाचे राज्य आणि घाटाखाली इंग्रजांचा खानदेश होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. १९२३ साली औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले, तेही त्याच विद्यापीठाचे. ज्या मराठी वा मारवाडी घरातील मुलास दुसऱ्या माध्यमातून शिकावयाचे असेल, त्याने घाट उतरावा आणि परराज्यातील विद्यार्थी म्हणून पुण्या-मुंबईकडे जावे, हा एक मार्ग होता. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. तोवर आपल्या वाडवडिलांची शिकण्याची वये निघून गेली होती.

परगावी जाणाऱ्या मुलापुढे फीपेक्षा मोठा प्रश्न असे तो राहण्या-जेवण्याचा. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळून. हे नियम खाणावळीत कोण पाळणार? आई-वडील मुलास पाठवीत नसत ते पुष्कळदा याच धास्तीने. ही अडचण ओळखून सुरतेचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जवेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावे जैन बोर्डिंग उभारले व अन्य शहरांतील बोर्डिंगांनाही हात दिला. आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. साधूंनी व्यावहारिक शिक्षणाचा पुरस्कार करावा की नाही, यावर त्या काळी वादही झाले. पण गुरुदेव ढळले नाहीत. या विद्यालयाची एक रीत मला व्यापारी म्हणून फार भावते. गरजू विद्यार्थ्यास साहाय्य कर्जरूपाने मिळे आणि कमावता झाल्यावर त्याने ते फेडावयाचे, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येई. घेणाऱ्याची मानही ताठ राहते आणि भांडवलही बुडत नाही.

आपल्या बाजूस पाहावे तर १९२८ साली चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम निघाला. त्याआधी, १९१८ साली, कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला होता. त्याचे प्रवर्तक पुढे समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय झाले. वेरूळचे गुरुकुल त्याच परंपरेतले, आणि ते तर आपल्या दाराशी आहे.

सुरतेचेच शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी दिलेले दान सर्वश्रुत आहे. पण १८६६ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले, हे थोड्यांना माहीत असते. त्यातून निघालेली शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत पुढे सर आशुतोष मुखर्जी होते. पैसा गुजराती जैनाचा, विद्यार्थी बंगाली. देणाऱ्याने जात, पंथ, प्रांत विचारला नाही.

सर्वत्र असे मोकळे मन होते, असे मात्र नाही. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे केले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास शाहूंचे नाव दिले. आपण त्यांचा कर्मवीर म्हणून अभिमानाने उल्लेख करतो. तेव्हा ही गोष्टही सांगितली पाहिजे.

थोडे स्वतःविषयी. बारावीनंतर मला परगावच्या एका चांगल्या कॉमर्स कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वडिलांनी उधार-उसनवार करून पहिल्या सत्राची फी जमविली. राहण्यासाठी तेथील एका जैन वसतिगृहात गेलो असता गृहपतींनी गुण पाहिले नाहीत, उत्पन्न विचारले नाही. प्रथम पंथ विचारला. तो त्यांच्या पंथाचा नव्हता. आम्ही बापलेक रात्रीच्या एस.टी.ने परत आलो. पुढे औरंगाबादेस बी.कॉम. केले आणि दुकानाच्या गादीवर बसलो. दुकानाने मला काही कमी दिले नाही, परंतु वडील त्या प्रवासाविषयी पुन्हा कधीच बोलले नाहीत.

आज मार्ग पुष्कळ आहेत. एनआयटीत निम्म्या जागा परराज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. वैद्यकीयच्या सरकारी महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. मराठवाड्याच्या मुलांना जाचणारे वैद्यकीय प्रवेशाचे ७०:३० सूत्र शासनाने २०२० साली रद्द केले. आयआयटी व एनआयटीत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास शिकवणी शुल्क पूर्ण माफ, तर पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ होते. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. २०२४ साली पीएम विद्यालक्ष्मी ही विनातारण शैक्षणिक कर्जाची योजना आली. पण शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, मेस, पुस्तके, रेल्वेभाडे उरतेच, आणि लहान दुकानदाराच्या मुलाचे पाऊल अडते ते तेथेच.

आपल्या ट्रस्टपुढे अडचण आहे ती खात्याची. देवद्रव्य देवाच्याच कार्यी लागते, हा नियम आपण पाळतो व पाळावाच. बोलीच्या रकमेतून मुलाची मेस भरता येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र खाते हवे. त्यातील साहाय्य महावीर विद्यालयाच्या रीतीने, परतफेडीच्या बोलीवर द्यावे आणि अर्जात पंथाचा रकाना नसावा. विश्वस्तांच्या येत्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. त्या खात्यात पहिली रक्कम माझ्या वडिलांच्या नावे जमा करण्याची माझी तयारी आहे. रक्कम त्या पहिल्या सत्राच्या फीइतकी नव्हे, आजच्या एका वर्षाच्या मेसइतकी.