गावाच्या गस्तीची कुळकथा

रात्री दोनच्या सुमाराला खटाव किंवा वाळवा तालुक्यातल्या एखाद्या मळ्यातल्या वस्तीवर चोर शिरल्याची कुणकुण लागते. घरातलं कुणीतरी मोबाइलवरून एक नंबर फिरवतं, काय घडतंय ते बोलतं, आणि बोलणाऱ्याचा तोच आवाज गावातल्या आणि आसपासच्या नोंदवलेल्या फोनवर एकाच वेळी ऐकू जातो. माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात, पोलीस ठाण्यालाही खबर लागते. या सोयीला ग्रामसुरक्षा यंत्रणा म्हणतात. नाशिक, नगर, पुणे या भागांप्रमाणे सातारा-सांगलीच्या पोलिसांनीही ती गावोगाव नेली. डीपीतली तांब्याची तार, विहिरीवरची मोटार, गोठ्यातली शेरडं, बंद घराचं कुलूप, बेपत्ता झालेलं पोर, नदीचा पूर, अशा सगळ्याला तीच हाळी उपयोगी पडते.

या हाळीचं कूळ शोधत मागे गेलं की पेशवाईच्याही आधीच्या गावगाड्यात जाऊन पोचायला होतं. तेव्हा ठाणं नव्हतं, फौजदार नव्हता. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची, आणि रात्रीचं काम जागल्याचं. या मुलखात जागल्या बहुतेक रामोशी किंवा मांग असे. शिवेची खडान्‌खडा माहिती महाराला असे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था तपशिलाने नोंदली आहे. चोरी झाली की जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत निघे. माग गावाच्या शिवेपर्यंत गेला आणि पलीकडच्या गावात शिरला, की तिथल्या जागल्याला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे हरवेल, त्या गावाने आणि त्या जागल्याने चोर द्यायचा, नाहीतर ऐपतीप्रमाणे नुकसान भरायचं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी तरतूद हीच. रखवालीचा मोबदला होता, बलुतं होतं, वतनाची जमीन होती. पण त्याबरोबर जाबही होता. नुसतं 'आम्ही जागलो' म्हणून सुटका नव्हती. आणि दोन गावांत कितीही वैर असलं तरी शिवेवर मागाची देवघेव करावीच लागे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड पक्की होती, जागल्याला रात्रभर गाव राखूनही गावकुसाबाहेरच राहावं लागे, हे विसरून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. पण जबाबदारीचा धागा तिने पक्का विणला होता.

तो तोडला कंपनी सरकारने. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांची किल्ल्याची रखवाली गेली, हक्क आणि जमिनी गेल्या, आणि १८२६ च्या सुमारास उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. मध्ये काही काळ कंपनीने याच उमाजींना त्यांच्या माणसांसह बंदोबस्ताच्या कामावर ठेवलं होतं, कारण त्या डोंगरांत रात्री कोण फिरतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली गेली. पुढे १८६७ चा मुंबई ग्राम पोलीस कायदा आला. पाटील राहिला, जागल्याही राहिला, मात्र दोघे आता जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली. गावाला जाब देणारी माणसं सरकारला जाब देऊ लागली.

त्यानंतरचं वळण अधिक वाईट. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये नव्याने करून मुंबई इलाख्यापर्यंत आणला गेला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव राखलं, त्यांतल्याच अनेकांना जन्मानेच चोर ठरवून चावडीवर हजेरी द्यायला लावली. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची, आणि ज्या हजेरीने मांगवाड्यातल्या माणसांचा जीव नकोसा केला ती हजेरी तिच्या केंद्राशी आहे. हा कायदा देशभर रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. कागदावरून गेलेली ती नजर पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या डोळ्यांतून गेली का, हा प्रश्न आजही जिवंत आहे. त्याकडे पुन्हा यावं लागेल.

एक लक्षात ठेवायला हवं की सांगली हा जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून दोन्ही जिल्ह्यांची ही कुळकथा एकच आहे, आणि तिचा सर्वांत धगधगता भाग आहे १९४२ ते १९४६. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळ्या चालल्या. पोलीस म्हणजे परक्याची बंदूक, ही खूण इथल्या घराघरांत तेव्हा पक्की बसली.

मग क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कवठ्याचे किसन वीर असे कितीतरी कार्यकर्ते त्यात होते. या मंडळींनी इंग्रजांना सळो की पळो केलं हे सगळे सांगतात. त्यांनी गावाची गस्त पुन्हा गावाच्या हाती घेतली, हे कमी सांगितलं जातं. सरकारी यंत्रणा ढिली पडताच दरोडेखोरांच्या टोळ्यांनी डोकं वर काढलं होतं. भूमिगतांच्या नावाखाली लूटही चालली होती. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या तरुणांनी त्या टोळ्यांचा बंदोबस्त केला. न्यायदान मंडळांनी जमिनीचे, सावकारीचे, नवरा-बायकोचे तंटे गावातच तोडले. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, त्यामुळे इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांना तिथे सहज हात घालता येत नसे.

त्या काळात पोलीस आणि लोक यांच्यातलं नातं कसं होतं, ते एका प्रसंगातून नीट कळतं. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी तो उतारवयातही सांगितला होता. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग उभं केलं गेलं. सोंगातल्या नवऱ्याने हौसाताईंना खरोखरच मारलं, सोडवायला पोलीस बाहेर धावले, आणि मागच्या मागे साथीदारांनी हत्यारं उचलली. बाई मार खातेय म्हटल्यावर पोलीस धावतील, एवढा हिशेब त्या योजनेत धरला होता. परक्या सरकारच्या शिपायातही गावचा माणूस शिल्लक आहे, हे भूमिगतांना माहीत होतं, असं मला त्यात दिसतं.

प्रतिसरकारच्या शिक्षा कठोर होत्या. फितुराच्या तळपायांवर मार बसे, आणि 'पत्री सरकार' हे नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. युद्धाचा काळ होता हे मान्य. तरीही ज्या निवाड्यावर अपील नाही आणि ज्यात आरोपीला वकील नाही, त्याचा वारसा स्वतंत्र देशातल्या गावाने सांगू नये. वारसा सांगायचा तो शिस्तीचा आणि धाडसाचा.

याच मातीत, याच सुमारास, अगदी वेगळा प्रयोगही चालू होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली, ग्रामपंचायतींच्या हाती न्यायाचं कामही सोपवलं. आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंत नाही, बेड्या नाहीत. शिक्षा भोगणारे लोक आपल्या कुटुंबासह शेती करून राहतात. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तीच. चोर कसा धरायचा याच्या गोष्टी गावोगाव असतात. धरलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हे दाखवणारी वसाहत सांगली जिल्ह्यात आहे, याचा इथल्या लोकांना जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटताना दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरागत पाटीलकी गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद संपलं, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील उभा राहिला. आता तो कुठल्याही जातीचा असू शकतो, बाई असू शकते, आणि अनेक गावांत आहे. गावात गुन्हा घडला की ठाण्याला कळवायचं, पुरावा हलू द्यायचा नाही, संशयिताची खबर द्यायची, ही त्याची कामं. दुसरीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. जिल्हा पोलीस अधीक्षकाला गावातल्या स्वयंसेवकांचं असं दल रीतसर नेमता येतं. कायद्याने दोर दिला. तो धरायला मात्र विश्वास लागतो, आणि वडूज-इस्लामपूरनंतर तो एका पिढीत येणारा नव्हता.

त्या विश्वासाला मोठी चालना दिली तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या माणसाने. आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेत समिती निवडायची. गावातले प्रतिष्ठित, महिला, पोलीस पाटील आणि बीटचा हवालदार एकत्र बसवायचे. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भाऊबंदकीवरून चाललेले तंटे सामोपचाराने मिटवायचे, आणि पुढचे तंटे उभेच राहू नयेत म्हणून जागायचं. चांगलं काम करणाऱ्या गावांना लाखांत बक्षिसं मिळाली. बांधाच्या भांडणातून डोकी फुटतात आणि पुढे खून पडतात, हे खेड्यात वाढलेल्या गृहमंत्र्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पोलिसांचा गणवेश पहिल्यांदाच गावाच्या सतरंजीवर मांडी घालून बसला, हे मी या मोहिमेचं सर्वांत मोठं फळ मानतो. बक्षिसांचा जोर ओसरल्यावर कितीतरी समित्या फलकापुरत्या उरल्या. काही ठिकाणी बाईवरच्या अत्याचाराची तक्रारही 'गावात मिटवा' म्हणून दाबायचा मोह झाला. मिटवण्याजोगा तंटा कोणता आणि ठाण्यात नोंदवलाच पाहिजे असा गुन्हा कोणता, यातली रेघ पुसली गेली की समिती गुन्हेगाराची ढाल बनते.

शहरांत याच विचाराने त्याआधीच मोहल्ला समित्या आल्या होत्या. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. हा धडा आपल्याकडे पुरता पोचला नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरज पेटली आणि झळ सांगलीपर्यंत आली. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून जमाव प्रार्थनास्थळावर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. शांतता समितीच्या बैठका दोन्ही जिल्ह्यांत सणाआधी होतात, 'एक गाव एक गणपती'साठी पोलीस घरोघर फिरतात, आणि अनेक गावं ते मनापासून पाळतात. पण वर्षातून दोनदा चहापाण्यापुरती भरणारी बैठक अशा रात्री उपयोगी पडत नाही. रोज भेटणारी माणसं उपयोगी पडतात.

आता त्या जुन्या नजरेकडे वळतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात विजापूरकडून पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना त्याच संशयाने बेदम चोप दिला गेला. ते खरे साधू निघाले. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे-सातारा-नगरच्या पट्ट्यात रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले, चोर टेहळणी करतात अशी हवा झाली, आणि गावंच्या गावं रात्रभर काठ्या घेऊन जागली.

आपल्या भागात परका माणूस म्हणजे कोण असतो? दिवाळीनंतर कारखान्याला येणारी बीडची ऊसतोड टोळी. मेंढरं घेऊन फिरणारा धनगर. माळावर पालं टाकून राहिलेलं पारधी कुटुंब. ज्यांच्या आजोबांना चावडीवर हजेरी द्यावी लागली, त्यांच्याच नातवांकडे संशयाची पहिली बोटं वळतात. आणि द्राक्षाचा माल उचलून पैसे न देता पसार होणारा व्यापारी मात्र गाडीतून येतो, चहा पितो, कुणी त्याचं ओळखपत्र मागत नाही. गस्त कुणावर घालायची हे आधी ठरवून बसलेलं गाव खऱ्या चोराला वाट मोकळी करून देतं.

एका फोनवर शेकडो लोक जागे करणारी यंत्रणा म्हणूनच जितकी मोलाची तितकीच जोखमीची आहे. तीच खबर पोलिसांपर्यंत आधी पोचली तर चोर सापडतो, आणि जमावापर्यंत आधी पोचली तर राईनपाडा होतो. जुना जागल्या माग काढून शिवेवर थांबायचा. पुढचं काम ज्याचं त्याच्या हवाली करायचा. आजची शीव म्हणजे कायद्याने पोलिसांना दिलेला अधिकार. गस्तवाल्याने तिथे थांबायलाच हवं.

तेव्हा सातारा-सांगलीतल्या गावांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाचा विषय घ्या. गस्तीला जाणाऱ्यांची नावं आणि पाळ्या ठाण्यात नोंदवा, चावडीच्या फलकावर लावा. त्यात बाया असू द्या, दलित वस्तीतले आणि मुसलमान मोहल्ल्यातले तरुण असू द्या, माळावरच्या पालातलाही एक जण असू द्या. ऊसतोड टोळी आली की पहिल्या दिवशी पोलीस पाटलाने जाऊन ओळख करून घ्यावी, मुकादमाचा नंबर लिहून घ्यावा आणि आपला द्यावा. द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा आधार आणि पत्ता माल तोडण्याआधी मागा. रात्री अनोळखी माणूस दिसला तर थांबवा, विचारा, ११२ ला फोन लावा आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कुणाचा हात लागू देऊ नका. आणि पोलिसांनो, तुम्हीही फोन आल्यावर किती वेळात पोचलात ते महिन्याच्या महिन्याला त्याच फलकावर लिहा. जाब दोन्हीकडून द्यायचा असतो.