प्रास : एकेरीतली वाटचाल

१९७७ साली एक कवितासंग्रह निघाला, 'अरुण कोलटकरच्या कविता'. कोलटकरांच्या नव्हे, कोलटकरच्या. मराठीत पुस्तक छापून आलं की कवीला आदरार्थी बहुवचन आपोआप चिकटतं, कालपर्यंतचा अण्णा अण्णासाहेब होतो. इथे मात्र प्रकाशक अशोक शहाणे यांनी मित्राला मुखपृष्ठावरही अरे-तुरेच ठेवलं. प्रास प्रकाशनाची वाटचाल सांगायला मला या 'च्या'सारखी दुसरी जागा सापडत नाही. पुढे प्रासच्या पुस्तकांतून देवांशी आणि पुराणातल्या राजांशी जे बोलणं झालं, तेही याच सुरात.

या माणसांची शाळा म्हणजे अनियतकालिकं. कोलटकर, दिलीप चित्रे यांचं 'शब्द', शहाण्यांचं 'असो'. १९६३मध्ये शहाण्यांनी मराठी साहित्यावर 'क्ष-किरण' टाकणारा लेख लिहिला आणि बऱ्याच प्रस्थापितांची झोप उडवली. प्रस्थापितांशी भांडणाऱ्या या मंडळींचं संतांशी मात्र जमलं. मर्ढेकरांनी त्याआधीच अभंगाचा छंद गिरणीच्या भोंग्यापर्यंत आणून ठेवला होता. चित्र्यांना तुकाराम आयुष्यभर पुरला. नवकविता म्हणजे एलियटची उसनवारी, असं अजूनही कुणी म्हणतं तेव्हा मला गंमत वाटते. देवाला जाब विचारायला आपल्याला विलायतेहून कवी आणावा लागत नाही.

कोलटकरांची 'जेजुरी' ही कवितामालिका मात्र प्रासची नव्हे. ती १९७६मध्ये इंग्रजीत आली, क्लिअरिंग हाऊसकडून. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी आपली पुस्तकं आपणच काढायची म्हणून उभी केलेली ती सहकारी संस्था. मुखपृष्ठं कोलटकरांची, कारण पोटापाण्यासाठी ते जाहिरातीतले चित्रकार. भाऊ आणि मित्र मनोहर ओक यांच्याबरोबर साठच्या दशकात केलेल्या जेजुरीच्या फेरीतून ती कविता आली. त्यात मनोहर देऊळ समजून एका उघड्या दारातून डोकावतो आणि आत वासरू असतं. देऊळ नव्हे, गोठा. भालचंद्र नेमाड्यांनी आक्षेप घेतला, की हा कवी जेजुरीला सुटीतल्या पर्यटकासारखा गेला. आक्षेपात तथ्य नाही असं नाही. पण खंडोबाच्या दारात वाघ्या-मुरळीही देवाला एकेरीच हाक मारतात, त्याच्या दोन बायकांची भांडणं रंगवून सांगतात. त्या अंगणात गोठ्याचं देऊळ नि देवळाचा गोठा व्हायला फार वेळ लागत नाही.

१९७७नंतर कोलटकरांचं नवं मराठी पुस्तक यायला पाव शतक गेलं. एरवी संस्थेच्या इतिहासात अशा काळाला 'मंदीचा काळ' म्हणतात. इथे कवी लिहीत होता, खोडत होता, मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये गुरुवारी मित्रांबरोबर बसत होता, आणि प्रकाशकाला घाई नव्हती. त्या अवधीत, १९८३मध्ये, शहाण्यांनी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता पोस्टर म्हणून छापली. ती पुढे १९९४मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात पुन्हा आली, तेव्हा अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. पुराणातल्या देवापेक्षा अलीकडचा महात्मा जड जातो, एवढं त्यातून कळलं.

मग २००३-०४मध्ये एकदम रांग लागली. 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण', आणि इंग्रजीत 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र'. 'भिजकी वही'त रडणाऱ्या बाया आहेत. इसिस, कॅसान्ड्रा, ऋग्वेदातली अपाला, मदुरा जाळणारी कण्णगी, सूफी राबिया, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, आणि त्यांच्याच ओळीत व्हिएतनाममधली किम. कुठली पुराणातली आणि कुठली वर्तमानपत्रातली, असा भेद ही वही करत नाही. तिला २००५चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, तेव्हा कवी नव्हता.

मला त्या रांगेतलं 'सर्पसत्र' सर्वांत जवळचं. परीक्षिताला तक्षक डसला म्हणून जनमेजयाने सगळ्या सर्पकुळाचा होम मांडला, ही आदिपर्वातली गोष्ट आपण आजीकडून ऐकतो. मंत्राच्या ओढीने साप आकाशातून कुंडात पडतात आणि लहानपणी आपल्याला ते दृश्य आवडतंही. गंमत अशी की खुद्द महाभारत याच यज्ञाच्या विरामांत सांगितलं गेलं. बाजूला साप जळताहेत आणि वैशंपायन कथा सांगताहेत. कोलटकरांनी बोलायला उभी केली ती जरत्कारू, वासुकीची बहीण. नवऱ्याचं नावही तेच, म्हणजे नावसुद्धा हिचं एकटीचं नाही. ती मुलाला, आस्तीकाला, मागचं सांगते. आधी खांडववन कुणी जाळलं? त्यात तक्षकाची बायको कुणी मारली? अर्जुन आणि कृष्ण या नावांचा उच्चार तिच्या तोंडून ऐकताना आपण कुठल्या बाजूला वाढलो ते कळतं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी मराठी कानाला तिचा 'तू'च ऐकू येतो.

ही दोन इंग्रजी पुस्तकं जुलै २००४मध्ये आली. २५ सप्टेंबरला कोलटकर गेले. त्यानंतरही प्रास थांबलं नाही. २००९मध्ये मेहरोत्रांनी संपादलेलं 'द बोटराइड' आलं. कवीने इंग्रजीत गाजवलेली 'जेजुरी' मराठीतही प्रासकडूनच निघाली, म्हणजे खंडोबा उशिरा का होईना आपल्या बोलीत आला.

आणि त्याआधी, २००६मध्ये, एक छोटं पुस्तक. माणूस गेल्यावर आपल्याकडे नावामागे कैलासवासी लागतं, निदान 'रावां'ची भर पडते. या पुस्तकाचं नाव शहाण्यांनी ठेवलं 'अरुण कोलटकरच्या चार कविता'.